पट्टीवरचं पाणी

सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला
मी पायऱ्या उतरून पट्टी वाचते.
पांढऱ्यावर काळे आकडे.
आधी हे काम माझा नवरा करायचा, थोंगवान.
त्याच्या वहीत पाण्यासोबत इतरही बरंच आहे :
४.१२. म्हैस व्याली.
६.७०. ओंडका, त्यावर जिवंत कोंबडी.

तो सांगायचा, उगमापाशी ती इतकुशी असते
की याक एका ढांगेत पलीकडे जातो.
स्वतः लुआंग प्राबांगच्या वर कधी गेला नाही.
पाहणीला आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं,
तिथे म्हणे झरे दोन.
एक मोजणाऱ्यांनी ठरवलेला, थोडा जास्त लांबचा,
दुसरा गुराख्यांचा, ज्याला ते हात जोडतात.
भांडण नाही.
खाली दोघांचं पाणी कोण वेगळं करणार?

वर तिला झा-छू म्हणतात,
डोंगर चिरत येते तेव्हा लानत्सांग,
आमच्याकडे नाम खोंग.
लोक आई म्हणतात तिला.
मला ती घरजावई वाटते,
थोंगवान आला होता तशी :
वरच्या अंगाने, एका बोचक्यानिशी,
आमचं नाव घेऊन, खाली मान घालून राबणारी.

मुलगा विलाय खाली कंबोडियात असतो,
तळ्याकाठी, जाळी विणतो.
फोनवर म्हणाला, आई,
इथे पावसाळ्यात नदी उलटी वाहते,
तळ्यात शिरते, मासे घेऊन.
मी म्हटलं, मग तूही शीक.
तो हसला. मग रेंज गेली.

त्याच्याही पुढे तिला नऊ तोंडं फुटतात
आणि एकाही तोंडाने ती परत काही सांगत नाही.

मार्चमध्ये, आभाळ कोरडं असताना,
एका रात्रीत सव्वा मीटर चढली.
वर कुणीतरी दार उघडलं होतं.
वाळूतला माझा भुईमूग गेला,
शेजारणीची मिरची गेली.
इशाऱ्याचा निरोप दुपारी आला.

मग दार लावलं असणार.
आज पट्टीचा शून्यसुद्धा उघडा पडलाय,
त्याच्या पायाशी शेवाळ, वाळलेलं.
ऑफिसच्या फोनमध्ये उणे चिन्ह टाकता येत नाही.
मी शून्य पाठवला.

मग थोंगवानची वही काढली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली
(५.०६. खोकला.)
लिहिलं :
शून्याखाली चार बोटं.
त्यात एक मासा, उभा.