सनैया नंबर दहा

मी सनैयात कामाला आहे, असं पहिल्या पत्रात लिहिलं
तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं,
पोरगं तिकडं सनई वाजवतंय.
मी दुरुस्त केलं नाही.
एकोणीस वर्षं झाली. शारजात, दहा नंबरात,
दुपारी उन्हात राहिलेला पाना उचलला
तर कातडी त्यालाच राहते.

हमदा फार्मसीत काम करते. गाडी तिच्या भावाची,
लाल, जपानी, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी.
भाऊ कॅनडाला गेला, मागे एक किल्ली
आणि "सांभाळ" एवढा एक शब्द ठेवून.

आत रोटरी. पिस्टन नाही, वर-खाली नाही,
लोखंडी पोटात दोन फुगीर त्रिकोण गरगरतात
जात्याच्या पाळीसारखे.
मिजास अशी, की गारठली तर उठणार नाही,
तापली तर मुळीच नाही.
ऑगस्टात तिसऱ्यांदा सील गेले.
"लाड पुरे," हमदा म्हणाली,
"मला कामावर पोचवेल असं काहीतरी बसव."

सजाच्या भंगारात मिळालं,
मागून चेपलेल्या अमेरिकन गाडीचं, आठ सिलिंडरचं,
सोबत पाठराखिणीसारखा
सहा गिअरचा बॉक्स, तिच्याहून लांब, तिच्याहून हट्टी.

पत्रिका कुठंच जुळेना.
सम्प आडव्या दांडीवर बसायचा,
गिअरचा दांडा निघाला थेट हँडब्रेकच्या मांडीवर.
आधी लाकडाचे माउंट करून बघितले,
मग गुलज़रीननं बोगदा कापला, बोटभर, मग आणखी बोटभर.
पिराजी मिस्त्री उद्यमनगरात म्हणायचे,
"लोखंडाला विचारून काप,
न्हाईतर ते तुला विचारंल."
पेट्रोलच्या जीपला ते डिझेल बसवायचे,
आरटीओला दिसेल तेवढं सोडून
सगळं बदलायचे.
प्रोपेलर शाफ्ट लेथवर लावताना
त्यांचाच खोकला आला मला.

थंकच्चन तीन रात्री वायरिंगमध्ये.
दोन गाड्यांच्या दोन वेण्या सोडून एक घालायची होती,
प्रत्येक तारेला चिठ्ठी, चिठ्ठीवर मल्याळम.
मी म्हणालो, उद्या तू सुट्टीवर गेलास तर?
तो म्हणाला, तर गाडी पण सुट्टीवर.

पहिल्या सेलला उठलं.
ना धूर, ना नखरा, ना पेट्रोलचा वास.
आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो,
भांडायला आलेल्या माणसानं
एकदम नमस्कार करावा, तसं.

पासिंगला मुल्कियावर इंजिनचा नंबर बदलला,
चासीचा तोच राहिला.
खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं,
मूळ कुठली?
मी म्हणालो, कोल्हापूर.
मग त्यानं मान वर केली.

हमदा आता रोज वेळेवर पोचते म्हणे.
जुनी गाडी कुठं पोचली ते
चार गल्ल्या पलीकडून ऐकू यायचं.
ही कोपऱ्यावर वळते
आणि इतर गाड्यांत मिसळून जाते.
एक रोटर चहाच्या स्टोव्हशेजारी आडवा पडलाय,
तीन कोपऱ्यांवर तीन कप ठीक बसतात,
मालक आला की चौथा हातात धरावा लागतो.

आणखी एक राहिलं.
डॅशबोर्डवरचे आकडे नऊ हजारांपर्यंत आहेत,
हे नवं धूड साडेसहालाच हात टेकतं.
वरचे अडीच हजार नुसतेच छापलेले.
त्या उंचीला गाडी गेली की
आत एक पिपाणी वाजायची, आता बस म्हणून सांगणारी.
थंकच्चन पक्कड घेऊन म्हणाला, काढू?
वाजणार तर नाहीच.

मी म्हणालो, जोडूनच ठेव.