नकटी

जॉप्लिनच्या यार्डात सकाळी सव्वासातला
दोन ट्रक एकाच रांगेत उभे होते.
एक लांब नाकाचा, डाळिंबी,
दोन्ही कानांशी क्रोमची धुराडी, इतकी लखलखीत
की त्यांत मला माझंच कपाळ रुंद दिसलं.
दुसरी पांढरी. उतरत्या कपाळाची. नकटी.
साबणाची वडी महिनाभर वापरली की होते तशी.

लॉयल टकर म्हणाला, बाई, तुम्हाला हाच शोभेल,
आणि डाळिंबीच्या बॉनेटवर थाप मारली
घोडा विकणाऱ्यासारखी.
मला तो हवा होता. खोटं का बोलू.
अकरा वर्षं मोटेलच्या काउंटरमागून,
चाव्या देत, टॉवेल मोजत,
मी असलेच ट्रक जाताना पाहिले होते.

पण विचारलं: गॅलनला किती?
सहा. जपून चालवला तर.
आणि ही?
तो जरा थांबला. साडेआठ काढते म्हणतात.

पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला.
वर्षाचे एक लाख दहा हजार मैल.
फरक, पाच हजारांवर गॅलन.
तेवढं डिझेल त्या नाकानं नुसतं हुंगून टाकलं असतं.

माझे वडील चंदगड आगाराला, एसटीवर.
फळ्यावर दर महिन्याला खडूनं
प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे आकडा:
दहा लिटरला किती किलोमीटर.
आमच्या घरात माझ्या मार्कांआधी तो आकडा विचारला जायचा.
एका वर्षी बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
ते रोज चार मिनिटं मागे पडायचं
आणि वडील म्हणायचे, तेही डिझेल वाचवतंय.

मी वाकले, खाली बघितलं.
मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर विचारलं.
दोन पॉइंट सहा चार, म्हणजे सपाट रस्त्यावर
इंजिन अकराशेवर नुसतं गुणगुणत राहील.
टायर जोडीचे, की रुंद एकेकटे?
रुंद हलके असतात, तेल कमी खातात,
पण फुटला तर सावरायला शेजारी कुणी नाही.
मी जोडीचेच मागितले.
एकटीनं राहायला मी शिकलेय,
टायरला ती सक्ती कशाला.

ट्रेलरच्या पोटाखाली झालर लावा, वारा आत शिरायला नको.
केबिन आणि ट्रेलरमधली फट वीतभर कमी करा.
छपरावरचे भोंगे उतरवा.
झोपायच्या बाकाखाली छोटा हीटर हवा,
माझ्या दोन पायांसाठी रात्रभर मोठं इंजिन धडधडत ठेवायचं
म्हणजे कपभर चहाला बंब पेटवायचा.
चाकांना झाकण्या?
भोकं पाडायची नाहीत, टकर म्हणाला, चौदावं कलम.
बरं. मग चिमट्यानं बसतील अशा द्या.
भाड्याच्या खोलीत खिळा न ठोकता
मी अकरा कॅलेंडरं टांगली आहेत.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं:
लायसन्सवर माझं आडनाव, विम्याच्या कागदावर अजून त्याचं.
दोन फोन, एक शपथपत्र, दुपार झाली.

शेवटी एकच राहिलं.
वेग बासष्टला बांधून द्या.
टकर हसला. भीती वाटते?
मी पेन मागितलं.

आता चव्वेचाळीस नंबरच्या रस्त्यानं टल्साकडे जाताना
सगळे मला मागे टाकतात. तो डाळिंबीसुद्धा.
कुणीतरी नेलाच, नेणारच होतं.
तो गेला की माझा ट्रेलर थोडा हलतो, मीही.
एक्सलरेटरवर पाय ठेवायचा नाही, टेकवायचा,
आणि आंबोलीच्या उताराला न्यूट्रल मारून वाचवलेलं डिझेल
चोरीचं असतं, पोरी.

पहिल्या आठवड्याचा आकडा: सात पॉइंट नऊ.
तीन दिवस ओक्लाहोमाचा वारा समोरून होता.
इथे फळा नाही.
डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेमागे लिहून ठेवला,
पेन्सिलनं.
पुसता येतो. कराराला चालेल.