दोरा

सावद्याच्या दवाखान्यात नेहेते डॉक्टरीण
तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवते.
डोळे मिटा. लागलं की सांगा.

लागलं. लागलं. लागलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
"टेकव ना, बाई."
"दोनदा टेकवला, काका. करंगळीला."

बारा वर्षं वहीत साखरेचे आकडे.
केळीच्या वखारीत हिशेबनीस मी,
घड मोजले, केळं सोललं नाही.
पोरीच्या लग्नात खापराचे मांडे
नुसते वाढत फिरलो.
"मंग फळलं काय?"

"बाकीच्या नऊ बोटांना विचारा,"
म्हणत ती अंगठ्याला दोरा लावते.
लागलं!
इतक्या जोरात, की बाहेरच्या बाकावर कुणी हसलं.

पायरीवर चप्पल उलटी करून झटकली.
करंगळीच्या वाटचा खडा
आता डोळ्यांनी शोधायचा.