कूलरचं तोंड

एप्रिल लागला की माझा फोन थांबत नाही.
कॅरिअरवर गवताच्या ताट्या,
एका खिशात पाना, दुसऱ्या खिशात कांदा,
डोक्याला ओला दुपट्टा.

बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा, लुगडी काढायचा.
माग भंगारात गेला.
मी टिनाच्या चौकटीत गवत भरतो.
वारा गाळण्यापुरतं विणकाम उरलं
आम्हा परात्यांच्या हातात.

वीस उन्हाळ्यांत एवढं कळलं,
घर पाहायचं तर देवघर पाहू नये,
कूलरचं तोंड पाहावं.

रामदासपेठेत सगळ्या खोल्यांना एसी,
गभणे साहेबांच्या खोलीत मात्र कूलर.
"बाबांना एसी सोसत नाही," सून म्हणाली.
मुलानंही तेच म्हटलं, त्याच शब्दांत.
मी पंप धूत होतो.
म्हातारा हळूच म्हणाला, "लावून तर पाहायचा होता एकदा."
मग दाराकडे पाहून, मोठ्यानं,
"मला हाच बरा!"

नंदनवनात दोघं भाऊ, मधात भिंत.
मागच्या बोळीत दोघांचे कूलर पाठीला पाठ लावून.
सहा वर्षं बोलणं नाही.
धाकटा म्हणे, "दादाचा आजकाल दोन वाजता बंद होते.
झोप नाही लागत का त्याले, विचारून पाहा.
मी विचारलं म्हणू नका."
मी विचारलं.
थोरला म्हणाला, "बिल येते न बाप्पा."
अन् मग, "त्याले कसं माहीत?"
बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला,
माझे पैसे हातातच धरून.

हनुमाननगरात निखाडेबाई दुपारभर चुलीपाशी,
वारा सगळा सोफ्यावर.
मी न विचारता झडपा स्वयंपाकघराकडे वळवल्या.
पुढच्या एप्रिलात गेलो तर तोंड पुन्हा सोफ्याकडे.
"कोणी फिरवलं?"
"मीच. पाहुणे येतात न भाऊ."

आणि एक घर, गल्ली सांगत नाही.
पाणी मागितलं तर आधी आडनाव विचारलं.
मला तांब्याभर आलं, माठातलं, वाळ्याच्या वासाचं.
रंगकाम करणाऱ्या दिनेश खोब्रागडेला म्हणाले,
"बाहेर नळ आहे न."
नळाला त्या वेळी चटके बसत होते.
मी पाणी प्यायलो.
तहान होती, हे खरं.
प्यायलो, हेही.

दिनेश त्यानंतरही भेटतो,
टपरीवर तर्रीपोह्याचे पैसे देऊ देत नाही.
त्याचं न बोलणं मला उन्हापेक्षा लागतं.

आमच्या घरी कूलरचं तोंड कुठे?
बायको विचारत नाही म्हणून
मीही सांगत नव्हतो.
"तुम्ही दिवसभर उन्हात असता," म्हणून
माझ्या खाटेकडे.
पोरगी दहावीची, तिचं टेबल कोपऱ्यात,
वहीवर घामाचे ठिपके,
भूमितीच्या आकृतीला नसलेला एक बिंदू जास्तीचा.

काल रात्री लाइन गेली.
मोहल्ला बाहेर आला,
गच्चीवर, ओट्यावर, रस्त्यात खाटा.
कोणाच्याच वाट्याला वारा नव्हता
त्यामुळे भांडण नव्हतं.
ज्यांचं पटत नाही त्यांनीही
एकमेकांना विचारलं, तुमच्याकडंही गेली का?

पावणेतीनला दिवे लागले.
"आली!"
साऱ्या गल्लीचा एकच आवाज, लहानमोठ्यांचा, भांडलेल्यांचा.
आणि लगेच दारं लागली.

मी आत आलो.
पाना घेतला,
कूलरचा स्टँड अर्धा हात सरकवला.
लोखंड फरशीवर करकरलं,
बायको जागी झाली.
"काहून?"

"असंच," म्हटलं.
सांगण्यासारखं काही नव्हतं.
वारा अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता.