आठ ओहम

नव्या पेठेत रेवणसिद्ध कोनापुरेच्या दुकानात
तासभर मी स्पीकर ऐकतोय.
एकात तबला छातीत बसतो, पण बाई नाकात गाते.
दुसऱ्यात बाई नीट,
तर तबला शेजारच्या घरातला.

"आधी खोली सांगा."
दहा बाय बारा, वर पत्रा.
"मग चाळीस वॉट पुष्कळ झाले.
आणि हे चार ओहमवाले या अँपला जोडू नका,
आपल्याकडचा मे, भाजून निघेल बिचारा.
आठचे घ्या."

नाना स्टुलावर, चहा संपवून.
अडतीस वर्षं माग चालवला,
वरचे स्वर कधीच गेले त्यांचे:
बासरी, कुकरची शिट्टी, सुमित्राची हाक.
त्यांना कशाला आणलं, मलाच कळत नव्हतं.

उठले. तिन्ही अँप एकेक करून उचलून पाहिले,
बाजारात कलिंगड पाहावं तसे.
"हा घे," दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले,
"याच्या पोटात लोखंड आहे."
रेवणसिद्धनं माझ्याकडे पाहिलं.
"बरोबर आहे त्यांचं. ट्रान्सफॉर्मर मोठा आहे."

रात्री पत्रा अजून तापलेला.
मी गाणं लावलं. काहीतरी पोकळ,
मधलं कुणी उठून गेल्यासारखं.
दोन खोक्यांच्या मध्ये नाना उकिडवे बसले,
एकेका जाळीवर एकेक तळवा.

"हे दोघं उलटे चाललेत रे.
एक ढकलतोय, एक ओढतोय."

मागे वाकून बघितलं.
डाव्याची लाल-काळी वायर
मीच उलटी लावली होती.