ओतियाची वही

सव्वीस मार्च. उकडलेला बटाटा, मीठ.
पोट: गप्प.
सत्तावीस. बटाटा, बीट.
पोट: रात्री दोनला उठवलं.

वही मी लिहिते, ओतियाला कंटाळा.
आधी दूध सोडलं, मग राजमा,
मग अक्रोड. तेव्हा दोन दिवस
माझ्याशी बोललाच नाही.
शेवटी गहू.

कुतैसीत चाळीस वर्षं भट्टीत वाकून
होडीच्या आकाराच्या रोट्या थापणारा माणूस,
भुवयांपर्यंत पीठ,
आणि ताटात बटाटा.
गिऱ्हाईक विचारी, आज कशी झालीय?
तो म्हणे, वास तर बरा येतोय.

मे महिन्यात पोट निवलं.
पट्ट्याचं जुनं भोक पुन्हा कामाला आलं.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रक्त तपासू.
पण त्याआधी सहा आठवडे रोटी खायची, रोज.
नाहीतर रक्त तोंड उघडणार नाही.

ओतिया हसला,
इतका की ठसका लागला,
नर्सनं पाणी आणलं.

आज पहाटे पहिली रोटी त्यानं
विकायच्या फळीवर ठेवली नाही.
टोक मोडलं, फुंकर घातली,
आणि थांबला,
मी पेनचं टोपण काढेपर्यंत.