पाय दाखवा

राजेशम इराबत्ती दर महिन्याच्या सात तारखेला यायचे,
सुताची कुसं भुवयांवर तशीच.
तीन पट्ट्या. त्यातली एक बारकी, पांढरी,
तिला आम्ही काउंटरवर नुसतं ‘पायो’ म्हणतो;
पूर्ण नाव कोण घेतंय, रांग लागलेली असताना.

साखर उतरली त्यांची. दोनशे ऐंशीवरून एकशे तीस.
रिपोर्ट लग्नपत्रिकेसारखा पुढे केला,
‘बघा की ओ, सुटलो म्हणा आता.’
साखर पेठेत उभा राहून मीही म्हटलं, सुटलात.

श्रावणात चप्पल बदलली, सातची आठ.
कार्तिकात नऊ.
‘वजन वाढालंय ओ, नरसूबाईच्या हातचं खाऊन.’
हसले, आणि हसता हसता काचेला हात टेकला.
मला वाटलं, पायऱ्या.
दुकानाला तीनच पायऱ्या आहेत.

मग रात्री आडवं होता येईना.
उशीखाली टॉवेल घातला, आपल्याच मागावरचा,
एक्स्पोर्टातून रिजेक्ट झालेला.
मग दोन. मग सहा.
शेवटी थप्पीला टेकून बसूनच झोपायचे,
समोर नरसूबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत जागी.
चाळीस वर्षं जगाचं ओलं अंग टिपणारं कापड विणलं माणसानं,
छातीतलं टिपेल असं एक नव्हतं घरात.

सिव्हिलमधल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
नडगीवर अंगठा दाबला, उचलला.
खड्डा तसाच राहिला,
मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा.
‘ही गोळी कधीपासून?’

हृदय आधीच थकलेलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.
गोळीनं साखर नेली
आणि जाताना पाणी ठेवून गेली.

नऊ महिने मीच दिली.
चिठ्ठी बरोबर, तारीख बरोबर, बिल बरोबर.
खोक्यातल्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
सगळं लिहिलेलं होतं.
त्या कागदात मी चिल्लर गुंडाळायचो.

आता पायो बंद. पाणी उतरलं.
नऊ नंबरची चप्पल तीन पायऱ्यांवर फटक फटक वाजते,
नवी घ्यायला ते तयार नाहीत, ‘पैसे पडलेत की त्याला.’
साखर जराशी चढलीय.
दुसरी गोळी सुरू आहे, हृदयाला बरी म्हणतात.
म्हणतात.
या वेळी कागद मी दोनदा वाचला.

मालक चिडतात, रांग खोळंबते,
पण कुणी साखरेची पट्टी मागितली
की मी काउंटरला वळसा घालून येतो, वाकतो.
म्हाताऱ्यांना वाटतं, पोरगं पाया पडतंय.
डोक्यावर हात ठेवतात.
मी अंगठा दाबून बघत असतो.